टेकवलेली खुर्ची

सीमेवरच्या जुन्या जकात नाक्यात आता कॅसिनो आहे, पण गावातले लोक त्याला अजून नाकाच म्हणतात. नोव्हेंबरातली मोठी पोकर स्पर्धा जवळ आली की आठवडाभर आधीपासून निम्म्या युरोपातले खेळाडू गावातल्या खोल्या अडवतात, आणि वरच्या मजल्यावर सकाळपासूनच मोठ्या रकमेची टेबलं लागतात. याला तयारी म्हणायचं. खरं म्हणजे स्पर्धेआधी एकमेकांचे खिसे चाचपून बघायचे, एवढंच. खिडकीतून हायवे दिसतो, पलीकडे जर्मनीतलं ओलं जंगल, आणि खालच्या खानावळीतल्या आंबट कोबीचा वास जिन्याने वर येत राहतो.

वेंडुला शिंडेलारोवा या टेबलांना सरावलेली होती. एके काळी ती पिल्झनच्या शाळेत गणित शिकवायची, आणि खेळायचीही तशीच. घाई नाही, हावरटपणा नाही, नशिबाच्या नावाने रडगाणं नाही. यंदा मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. मुख्याध्यापिकांनी जानेवारीपासून परत येता का म्हणून शेवटचं विचारलं होतं. स्पर्धेत काही जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा खडू हातात. आणि स्पर्धेची फी ती समोर मांडलेल्या चिप्समधूनच भरणार होती. दुसरीकडे कुठे पैसा नव्हता.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा दोस्त ओटा बसायचा. पन्नाशी उलटलेला, जाड मिशांचा, ट्राम चालवता चालवता पोकर शिकलेला गडी. वेंडुलाला या खेळात त्यानेच आणलं. टेबलावर दोघं एकमेकांना दयामाया दाखवत नसत, कारण दोस्तासाठी हात आखडता घेणं म्हणजे बाकीच्यांना फसवणं. पण दुपारी खाली जेवायला बसले की वेंडुला त्याच्यापुढे सकाळपासूनचे सगळे डाव उघडे करायची. कुठे खरं होतं, कुठे थाप मारली, कुठे घाबरून पत्ते टाकले. या धंद्यात माणूस हे सख्ख्या भावालाही सांगत नाही. ओटा मान डोलवत ऐकायचा, चुका दाखवायचा आणि बोलता बोलता तिच्या ताटातला एखादा क्नेडलिक उचलून तोंडात टाकायचा. उकडलेल्या कणकेच्या त्या मऊ चकतीवर तिनेही कधी हक्क सांगितला नाही.

तिची खोड ओटानेच पकडली होती. पत्ते बघून झाले की वेंडुला त्यांच्यावर वजन म्हणून एक पितळी बटण ठेवायची. तिच्या वडिलांच्या रेल्वेतल्या कोटाचं ते बटण. पुढून पंख असलेलं चाक, मागून शिवायची कडी. वडिलांना त्या कोटातच पुरलं. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी तिने हे एक काढून घेतलं, बाकीची त्यांच्याबरोबर गेली. तर हातात खरे पत्ते असले की तिच्याकडून बटण चाक वर करून ठेवलं जाई, आणि थाप मारायची असली की कडी वर. तिला स्वतःला याची गंधवार्ता नव्हती. ओटाने ओळखलं, पहिल्याच वर्षी तिला बाजूला घेऊन सांगितलं, आणि अख्खा हिवाळा घालवून तिने ती सवय मोडली. तेव्हापासून चाक नेहमी वरच असे. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती.

सोमवारी ती टेबलावर आली तेव्हा तीन नंबरची खुर्ची पुढे झुकवून काठाला टेकवलेली होती. म्हणजे जागा धरलेली आहे, माणूस येईलच. खुर्चीपुढे चिप्सची एक ठेंगणी चळत होती. अशा जागेकडे कुणी बघत नाही आणि उठून गेलेल्याची चौकशीही करत नाही; तशी रीतच आहे. तरी वेंडुलाने पत्ते वाटणाऱ्या मिलुशाला सहज विचारलं. जेवायला गेलेत, असं मिलुशा म्हणाली. तिच्या आधीच्या मुलीने तिला तसं सांगितलं होतं. त्या मुलीला बहुतेक तिच्या आधीच्या मुलीने सांगितलं असावं.

त्या दिवशी वेंडुलाचं काही जमेना. फार हरली अशातला भाग नाही, पण खरे पत्ते हातात आले की सगळे पटापट आपापले पत्ते टाकून मोकळे होत, आणि तिने थाप मारली की कुणीतरी निवांतपणे चिप्स पुढे सरकवी. लिंझचा दातांचा डॉक्टर लेडरर एरवी सावलीलाही घाबरायचा. त्याने पंजांच्या फुटकळ जोडीवर तिची मोठी थाप पकडली आणि वर घामही पुसला नाही. जेवताना तिने ओटाला सगळं सांगितलं. तू श्वास जोरात घेतेस हल्ली, असं काहीतरी तो म्हणाला. तिच्या ताटातला क्नेडलिक त्याने उचलला नाही. पोट बिघडलं असेल, असं तिला वाटलं.

मंगळवारी खुर्ची तशीच टेकवलेली होती.

दुपारपर्यंत वेंडुलाच्या चिप्स आणखी खाली गेल्या. शेजारी बालिंट नावाचा बुडापेस्टचा तोंडाळ गडी बसला होता. तिची आणखी एक थाप पकडून चिप्स रचता रचता तो हसला.

"बाई, एक विचारू? तुमचं सामान दोन ठिकाणी कशाला मांडता? एक तुमच्यापुढे, एक तिकडे. आम्हाला एकच पुरे की."

ती त्याच्या बोटाच्या रोखाने बघू लागली. तीन नंबरच्या चळतीवर एक पितळी बटण पडलं होतं. कडी वर.

तिचं स्वतःचं बटण तिच्या हाताखाली होतं. चाक वर. तिने ते उचलून पाहिलं, पंखावरचा जुना ओरखडाही जागच्या जागी होता. मिलुशाला विचारलं तर तिला नवल वाटलं. "तुमचंच ना? कालपासून आहे तिथे."

पुढच्या डावात वेंडुलाला दोन राजे आले. तिने मान वर केली तेव्हा तिकडचं बटण चाक वर करून पडलं होतं. पुढच्यात काहीच नव्हतं, तरी तिने चिप्स लावल्या. बटणाची कडी वर. ते उलटताना तिला एकदाही दिसलं नाही. ती पत्त्यांवर नजर टाकायची तेवढ्यात ते झालेलं असायचं. चिप्स सरकवायच्या आधी लेडरर तिकडे बघत होता. बालिंट बघत होता. ओटाही बघत होता, आणि सर्वांत आधी तोच बघत होता.

वेंडुला गणिताची बाई. बटण कुठून आलं, कसं उलटतं, हे तिने बाजूला ठेवलं, कारण त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. पण दुसरा हिशेब सरळ होता. कडी वर असली म्हणजे थाप, हे बटण कुणाला सांगू शकत नाही. ते एखाद्या माणसाने सांगावं लागतं. आणि ते जाणणारा माणूस एकच होता.

पैसे जाण्याची तिला सवय होती, पैसे येतात जातात. पण ज्याच्यापुढे इतकी वर्षं एकही पत्ता झाकला नाही, त्यानेच केसाने गळा कापला होता, आणि कापताना तो मिशीवरून हात फिरवत बसला होता. डोकं दुखतंय म्हणून ती उठली. जेवायलाही गेली नाही. खोलीवर जाऊन तिने आईला फोन केला आणि बाबांच्या कोटाच्या बाकीच्या बटणांचं काय केलं होतं ते विचारलं.

"काय करणार?" आई म्हणाली. "अंगावरच होती. तुझ्यासमोरच तर झाकण लावलं."

बुधवारी ती टेबलावर परतली तेव्हा तिच्यापुढे जेमतेम फीपुरत्या चिप्स उरल्या होत्या. शहाण्या माणसाने त्या उचलून फीच्या खिडकीवर भराव्यात आणि स्पर्धेच्या सकाळपर्यंत झोप काढावी. पण उद्या स्पर्धेतही हे टेबलभर लोक असणारच होते, ओटाही असणार होता. तिला एक गोष्ट करून बघायची होती. ते बटण तिचे पत्ते ओळखतं की तिचं मन?

पत्ते आले. तिने नेहमीसारखा अंगठा खाली सरकवून कोपरे उचलले. पण बघितलं नाही. नजर तिने लेडररच्या मनगटावरच्या घड्याळावर ठेवली. मग बटण ठेवलं, चाक वर, आणि चिप्स पुढे केल्या.

लेडररने सवयीने तीन नंबरकडे पाहिलं आणि तो पांढरा पडला. पत्ते टाकून त्याने खुर्ची मागे ओढली. बालिंटनेही पत्ते टाकले.

तिकडे बटण काठावर उभं होतं. कशालाही न टेकता.

ओटा एकटा राहिला. त्याच्याकडे काहीतरी भारी असणार, नाहीतर तो थांबला नसता. मिलुशाने मधले सामायिक पत्ते एकेक करून उलगडले.

शेवटचा पत्ता पडला. वेंडुलाने होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

ओटा बटणाकडे बघत राहिला. ते या बाजूला किंवा त्या बाजूला पडेल म्हणून वाट बघत होता. ते पडलं नाही.

मग सोमवारपासून पहिल्यांदाच त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"वेंडा, काय आहे तुझ्याकडे?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

ते अगदी खरं होतं. त्याने विश्वास ठेवला नाही. पुन्हा बटणाकडे बघितलं, मिशी चावली, आणि हातातल्या दोन राण्या उघड्या करून टाकून दिल्या; तिसरी मध्ये पडलेलीच होती.

वेंडुलाने आपले दोन पत्ते न उलटता मिलुशाकडे सरकवले. ते गड्डीत मिसळले. चिप्स ओढून घेऊन ती वर बघते तो तीन नंबरची खुर्ची सरळ उभी होती. पुढे ना चळत, ना बटण.

"येऊन घेऊन गेले," मिलुशा म्हणाली. "आत्ताच. तुम्ही पत्ते सरकवत होता तेव्हा." ते कसे दिसत होते, हे मात्र तिला सांगता येईना.

खानावळीत ओटा नेहमीच्या टेबलावर आधीच येऊन बसला होता. आपलं बटण वेंडुलाने जिन्यावरच मुठीत घट्ट धरलं होतं, ती मूठ तिने टेबलाखाली घेतली आणि समोर बसली. ताटं आली.

"तू त्यांना सांगितलंस," ती म्हणाली.

"ते तिथे पडलेलंच होतं." ओटा ताटाकडे बघून बोलत होता. "मी नाही ठेवलं. मी फक्त अर्थ सांगितला."

"कशासाठी?"

"त्यांच्या जिंकण्यात माझा वाटा." जराशाने तो म्हणाला, "तुला परत जायला शाळा आहे, वेंडा. मला काय आहे? ट्राम चालवायला आता कोण घेतंय मला?"

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. हा माणूस वाईट असता तर तिला समजलं असतं. तो वाईट नव्हता, तो तिचा एकुलता एक मित्र होता, आणि त्याला तिचं मोल एवढंच वाटलं होतं. उद्या हरली काय किंवा जिंकली काय, तिचे पत्ते आता कुणापुढे उघडायचे, हे तिला कळेना.

ओटाने काटा उचलला. मग इतक्या वर्षांच्या सवयीने त्याला राहवेना.

"बरं, आता तरी खरं सांग. शेवटच्या डावात काय होतं?"

या टेबलावर या प्रश्नाला तिने कधीही खोटं उत्तर दिलेलं नव्हतं.

"दोन एक्के," ती म्हणाली.

ओटाने तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्याची नजर मिठाच्या डबीवरून पलीकडे गेली आणि तिच्या शेजारी टेबलाच्या काठाशी थांबली. मग त्याने हलकेच मान डोलावली आणि सवयीने तिच्या ताटातला क्नेडलिक उचलला.

वेंडुलाने वळून बघितलं. शेजारची खुर्ची पुढे झुकवून टेबलाला टेकवलेली होती. तिच्यापुढे पांढऱ्या कापडावर पितळी बटण पडलं होतं, कडी वर.

टेबलाखाली तिने मूठ आणखी आवळली. तिचं बटण आतच होतं.