कोल्हारच्या उतारावरची हिरवी मोटार

“फौजदारसाब, मोटार आंघुळीला गेली!”

पोलीस पाटील भिमाजी धापा टाकत कोल्हारच्या चावडीवर आले, तेव्हा मच्छिंद्र खर्डे फौजदारांच्या एका गालाला साबण होता.

“कुणाची?”

“खुर्शीदमियाची. हिरवी. प्रवरेच्या डोहात बसलीया, गळ्यापातूर.”

फौजदारांनी उरलेली दाढी तशीच सोडली. दोन सीटांची ती शर्यतीची मोटार जिल्ह्यात एकच. लढाई संपली आणि नगरच्या छावणीतला गोरा कप्तान विलायतेला जाताना ती खुर्शीदला विकून गेला. जुनी, बिनछपराची, आवाज मात्र असा की ती नगरात सुरू झाली तर राहुरीच्या म्हशी पान्हा चोरत. निदान दूध पातळ का, याचं कारण राहुरीचे गवळी तेच सांगत.

आजच तिची शर्यत होती, कोल्हार ते नगर. समोर राधाकृष्ण वकील आणि त्यांची काळी मोटार. हरेल त्यानं भरबाजारात मिशी उतरवायची.

डोहात गाडी शेपूट वर करून उभी होती. पाण्यावर मोरपिशी तवंग पसरला होता.

“ह्या पान्याला काडी लावली तर बिनचुलीचा च्या व्हईल,” गोजरबाई रिकामी घागर घेऊन परत फिरली.

खुर्शीद काठावर हातवारे करत होता. दंडावरचा चांदीचा ताईत उन्हात चमकत होता.

“साहेब, जॉर्जला धरा! माझा मेकॅनिक. ब्रेक नीट नाहीत, शर्यत नको म्हणून काल चारचौघांत भांडला. मी हाकललं त्याला. जाताना म्हणाला, ‘मग घाला ती गाडी नदीत!’ घातली बघा!”

“गाडी होती कुठं?”

“घरापुढं, उतारावर. बॅटरी दमलीय. चाकाखालचा दगड काढायचा, गाडी उतरू द्यायची, गिअर टाकायचा. रोज अशीच सुरू करतो.”

“म्हणजे दगड काढायला मेकॅनिक लागत नाही.”

“पण दगड लावतो जॉर्जच!”

जॉर्जला चावडीवर आणलं. दाराशी त्याची बायको मरिया उभी राहिली.

“साहेब, एकदा बेडी पडली की ह्या हातांत कोण मोटार देईल? खायचं काय आम्ही?”

फौजदार जॉर्जकडे वळले. “गाडी नदीत घाला, असं म्हणालास?”

“म्हणालो. रागात मी ‘जीव देतो’ असंही म्हणतो.”

“लगीन झाल्यापासून म्हणतोय,” मरिया म्हणाली. “अजून दिला न्हाई.”

फौजदार हसले नाहीत. शिपायानं बेडी काढून ठेवलीच होती.

मग वकिलांना बोलावलं. त्यांच्या बुटांना उतारावरची तांबडी माती होती.

“गाडीपाशी कधी गेला होतात?”

“काल संध्याकाळी. शत्रूची तोफ पाहून ठेवू नये का माणसानं?”

“हात लावलात?”

वकील खाकरले. “बसलो. स्टिअरिंगचं चाक धरलं. तोंडानं थोडा आवाजही काढला.”

“पुढं?”

“चाकाला बांधलेला ताईत सारखा बोटांना लागत होता. वर बघतो तर खुर्शीदची अम्मा दारात. उतरलो मुकाट.”

दुपारी बैल जुंपून गाडी बाहेर काढली. फौजदारांनी ना इंजिन पाहिलं ना ब्रेक. स्टिअरिंगच्या चाकावरून तेवढी बोटं फिरवली आणि सगळ्यांना खुर्शीदच्या अंगणात बोलावलं.

खुर्शीदच्या अम्मांनी, हाजराबींनी, चहा आणला. मागं भिंतीवर त्यांच्या थोरल्या लेकाचा, फक्रुद्दीनचा, लष्करी टोपीतला फोटो होता. तो ब्रह्मदेशाच्या लढाईतून परतला नव्हता.

“पेट्रोल मिळतं कुपनावर, मोजून,” फौजदार सुरू झाले. “जॉर्ज असो की वकीलसाहेब, मोटारवाला माणूस वैर साधण्याआधी टाकी उपसून घेईल. इथं सगळं पेट्रोल पाण्यावर तरंगत होतं. म्हणजे हे काम मोटारवाल्याचं नव्हे.”

वकिलांनी मिशीवरून हात फिरवला.

“आता ताईत. काल तो चाकाला होता, आज नाही. पाण्यानं तोडला असता तर दोऱ्याचा तुकडा तरी राहिला असता. नुसत्या चांदीचा चोर दोरा कापून पळाला असता. इथं कुणीतरी सावकाश गाठ सोडली. गाडी बुडणार हे त्याला ठाऊक होतं, आणि पिराचा ताईत बुडवायला त्याचा हात धजला नाही. खुर्शीदमिया, दंडावर हा कधी आला?”

“हा? पहाटे अम्मानं बांधला. मी अर्धवट झोपेत होतो.”

“वास घ्या त्याचा.”

खुर्शीदनं दंड नाकाशी नेला. “इंजिनचं तेल...” तो आईकडे बघत राहिला.

“नवा हाय त्यो,” हाजराबी म्हणाल्या.

“मग त्याच्यावर हात ठेवून सांगा, हाजराबी. बेडी जॉर्जला घालायची का?”

हात निम्म्यावर गेला आणि थांबला. ओढणीचं टोक तोंडाशी आलं.

“म्याच काढला दगड. वाटलं, उतारानं आपसूक गेली म्हनतील. ह्या पोरावर बालंट यील, हे काय ठावं? पर एक लेक लढाईनं नेला. दुसरा मिशीपायी देऊ व्हय? शर्यती तुमी लावायच्या, आन् मागं रडायचं आमी!”

वकिलांचा हात मिशीवरून खाली आला.

खुर्शीद उठून जॉर्जपाशी गेला. “चल. इंजिन खोलून वाळव. आधी ब्रेक कर.”

“मला हाकललंय.”

“मग आता बोलावतोय. भाव खाऊ नको.”

फौजदार म्हणाले, “गाडी तुमची, अम्माही तुमची. तक्रार फाडतो. पण एका अटीवर. यापुढं चाकाला ताईत नाही. शेजारच्या सीटवर हाजराबी.”

अशा रीतीनं शर्यत मोडली आणि दोन मिशा वाचल्या. जिल्ह्यातली सगळ्यांत जोरकस मोटार मनमाड रस्त्यावर इतकी हळू धावू लागली की बैलगाडीवाले मागून ‘हो बाजूला’ ओरडत.

एकदा राहुरीपुढं मोकळा रस्ता लागला. हाजराबींनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं, ओढणी दातांत घट्ट धरली.

“खुर्शीद.”

“हां अम्मा, करतो हळू.”

“जॉर्जनं बिरेक केलं न्हवं नीट?”

“केलं की.”

“मग दाब की जरा!”

त्या दिवशी राहुरीचं दूध पुन्हा पातळ झालं.