घराकडे टोकं केलेले बूट

"मामा, गाडी थांबव! ग्योम हिरवा पडलाय!" बोरा ओरडली.

"पडणारच! तीन-तीन उकडलेली कणसं कुणी हाणायला सांगितली होती?" मामेबहीण सोलबी बोराच्या धाकट्या भावावर डाफरली.

"सगळी चूक वळणांची आहे!" ग्योम खिडकीतून तोंड बाहेर काढत कण्हला.

मामाची व्हॅन सकाळपासून गांगवन प्रांतातल्या डोंगरांतून एकेक जुनं कोळशाचं गाव मागे टाकत चालली होती. मामा जिथे तिथे उतरून फोटो काढत होता. बोराला मात्र ती गावं पाहून उगाचच वाईट वाटत होतं. भिंती रंगवल्या होत्या, कॉफीची दुकानं थाटली होती, पण इथे राहणारी माणसं कुठे गेली?

दोल्गोल गावाला पोचेपर्यंत तिथली पर्यटकांसाठी उघडी ठेवलेली जुनी खाण बंद व्हायची वेळ होत आली होती. आपले बूट फाटकाजवळच्या फळीवर ठेवायचे, तिथले गमबूट चढवायचे आणि आत जायचं. मुलं धावतपळत अर्धाच बोगदा बघून परतली. बूट बदलताना बोराचा हात थबकला.

फळीवर आणखी एक जोडी होती! नीट जुळवलेली आणि टोकं गावाकडे केलेली.

"काका, आत कुणीतरी राहिलंय!"

रखवालदार ब्योनकाका घाईत होते. "कुणी नाही गं! पलीकडे जुन्या काळच्या खाणकामगाराचं घर मांडलंय ना, त्याच्या दारातले बूट आहेत ते. नवरा खाणीत गेला, की बायको त्याच्या बुटांची टोकं घराकडे करून ठेवायची. म्हणजे तो सुखरूप परत येतो म्हणे! कुणातरी कार्ट्याने उचलून आणले असतील." त्यांनी आतले दिवे मालवले आणि फाटकाला कुलूप ठोकलं.

बोराने बुटाचा पट्टा ओढला. चर्रर्र! "त्या काळी असले चिकटपट्टीचे बूट होते? आणि तळाला ताजा चिखल?"

"मला अक्कल शिकवू नकोस! घरी पाहुणे खोळंबलेत माझ्या!"

काका आपल्या गाडीकडे निघाले. तिच्या मागे अगदी खेटून मामाची व्हॅन उभी होती. बोरा ग्योमच्या कानात कुजबुजली. त्याने लगेच भोकाड पसरलं, "व्हॅनची किल्ली माझ्याकडे होती! आत पडली!"

मामाचा हात खिशात गेला. किल्ली तिथेच होती! त्याने बोराच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात रिकामाच बाहेर काढला. "अरेरे! आता व्हॅन हलायची कशी?"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला, कुलूप उघडलं आणि पुन्हा दिवे लावले.

"कुणी आहे का?" बोराने आत शिरताच हाक मारली. काहीच नाही. ती जीव खाऊन पुन्हा ओरडली.

"ओ!" दुरून क्षीण आवाज आला.

शेवटच्या वळणावर एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. "अंधार झाला, मग पाऊलच टाकवेना," ती म्हणाली.

"एकट्या कशाला आलात, आजी?" सोलबीने तिला हात दिला.

"माझा नवरा इथेच आत राहिला, बाळ. तेव्हा बायकांना खाणीत पाऊल टाकू देत नसत. म्हटलं, डोळे मिटायच्या आत जागा तरी बघावी."

"आणि ते बूट?" बोराने विचारलं.

"माझे बूट घराकडे वळवून ठेवायला आता कोण आहे? मीच ठेवले."

काका कमरेत वाकले. "चुकलो, आजी. या पोरीचं ऐकलं नसतं, तर आज माझ्या हातून..."

"मी दिवसभर नुसते फोटो काढत होतो," मामा बोराला म्हणाला. "खरं बघितलंस ते तू."

बाहेर आल्यावरही आजी बोराचा हात सोडेना. "खाण कोसळली, त्या दिवशी आम्ही सगळ्या बायका या फाटकाशी उभ्या राहून हाका मारत होतो. घसे बसले. आतून कुणीच ओ दिली नाही."

तिने बोराचा हात आपल्या गालाला लावला.

"आज तू हाक मारलीस, पोरी, आणि मला ओ देता आली."