बेंबीचं गिरमिट

पेटीत गिरमिटं दोन निघाली, आणि मस्साइलेच्या थकलेल्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसली.

पणजोबांपासून चालत आलेली हत्यारं. सुलावेसी बेटाच्या त्या किनाऱ्यावर एका गिरमिटानं नव्या गलबताच्या तळकण्याला बेंबीचं भोक पाडायचं, म्हणजे गलबत जितं होतं. दुसरं वाईट कामाचं. कण्याचं कापलेलं मागचं टोक मालकाच्या घरी जपून ठेवतात. गलबत परत आलंच नाही, तर त्या ठोकळ्याला भोक पाडायचं, बुडालेल्यांना बाहेर यायला वाट म्हणून. दोन्ही कामं बाबा डोक्यावरून लुंगी ओढून करायचे. कुठलं गिरमिट कशाचं, हे मस्साइलेनं कधी पाहिलंच नव्हतं. आता बाबांची वाचा गेलेली. आणि आज बेंबी होती त्याच्या धाकट्या भावाच्या, रिसालच्या गलबताची.

त्यानं दोन्ही गिरमिटं फळीवर चालवून बघितली. भुसा दोन्हींचा कोरडा. एकाची मूठ मात्र झिजून गुळगुळीत झाली होती. गलबतं बुडतात थोडी आणि तरतात जास्त, तेव्हा हेच बेंबीचं, असं त्यानं ठरवलं. बाबांना दाखवलं तर त्यांच्या डोळ्यांना धार लागली. पण ती हल्ली भात भरवतानाही लागायची. त्यांचं दुखणं काढता काढता मस्साइले पार मोडून गेला होता. त्यानं त्यांचे डोळे पुसले आणि निघाला.

"आलास? मला वाटलं, गिरमिट उशाला घेऊन झोपलास," रिसाल गलबतावरून ओरडला. काठाला धरलेल्या त्याच्या हाताचा अंगठा खालून दिसत होता. लहानपणी लाकूड तासायचा वाकस लागून नख मधोमध चिरलं होतं, ते तसंच वाढलेलं.

"गप बस. माणसं बोलाव दोराला."

मस्साइलेनं तळकण्याशी बसून डोक्यावरून लुंगी ओढली. लाकूड चांगलं वाळलेलं होतं. भुसा आधी भुरभुर पडला, मग दमट, मग बोटांना चिकटायला लागला. त्यानं जिभेला लावून पाहिला. खारट.

गिरमिट काढलं, तशी पाण्याची बारीक धार आली. ओहोटी लांब गेली होती. खालची वाळू कोरडी ठणठणीत होती.

त्यानं भोकावर अंगठा दाबला. त्याला भीती वाटली, नुसती भीती.

"दादा, झालं का रे?"

"रिसाल, आज नको जाऊस. भुसा ओला आलाय."

"घाम असेल तुझा! झोप नाही तुला, काहीतरी दिसतंय. तिकडे धक्क्यावर माल पडलाय माझा, इथं माणसं दोराला लागलीत. खुंटी ठोक आणि घरी जाऊन पड."

वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. त्यानं खुंटी ठोकली. माणसांनी आरोळी देऊन गलबत पाण्यात ओढलं.

दुपारी रिसालची बायको हासना दारात आली. "दादा, जरा येता का? त्या ठोकळ्याखाली पाणी साचतंय. दोनदा पुसलं मी."

ठोकळा तिच्या खाटेखाली होता. परवाच त्यानं स्वतः कापून दिलेला, अखंड. आता त्यात अंगठा मावेल एवढं गोल भोक होतं, आणि त्यातून पाणी येत होतं.

"कीड लागली का हो?"

तो गुडघ्यांवर बसला.

पाणी थांबलं.

आतून कुणी दाबून धरावं, तसं.

"बत्ती आण," तो म्हणाला.

उजेडात भोकाच्या तोंडाशी एक नख दिसलं. मधोमध चिरलेलं.