अर्धवट उपसलेली विहीर

क्लोरीन चोरलं? मच्छिंद्रनं डबं इकलं, आसं म्हणतो व्हय त्यो विक्रमशेठ? तिकडं पुण्यात बसून कुणाला बी चोर ठरवायला काय जातंय त्याचं! आप्पा, तुम्ही टँकरवाले, तुम्हाला त्यानं अर्धंच सांगितलं आसंल. आता पुरं ऐका.

वरवंडच्या माळावर शेठचा बंगला. पोहायचा हौद, आन् त्याला चिकटून जरा उंचावर गरम पाण्याचं गोल टाकं. शेठ त्याला स्पा म्हणतो. मोटर चालू आसली की टाक्यातलं पाणी काठावरनं हौदात सांडायचं. दोन्हीचं पाणी एकच. राखणीला मच्छिंद्र. रोज सकाळी नळीत पाणी घ्यायचा, औषधाचं थेंब टाकायचा. गुलाबी झालं म्हंजी क्लोरीन हाय, पांढरं राह्यलं म्हंजी संपलं. माणसं पोहली की त्यांच्या घामानं संपतं त्ये.

उन्हाळ्यात शेठच्या मळ्यात राबणारी रंगुबाई तिथल्याच विहिरीत पडून गेली. आसं झालं की आख्खी विहीर उपसायची आन् पाणी पडीक रानात सोडून द्यायचं. मच्छिंद्र त्येच करत व्हता. तेवढ्यात शेठचा फोन, "आरं, पाणी वाया घालवतो का? हौदात सोड. क्लोरीन मार दाबून." मच्छिंद्र लई भांडला, पर मालकापुढं कुणाचं चालतंय? हौद भरला तशी विहिरीवरची मोटर बंद झाली. विहीर अर्धीच उपसली.

दुसऱ्या दिवसापासनं नळीतलं पाणी पांढरं. बंगल्याला कुलूप, फाटकाला कुलूप. डबंच्या डबं वतलं, सकाळी परत पांढरं. आन् वास... लई माणसं पोहून गेल्यावर हौदाला येतो ना, डोळं चुरचुरणारा, तसला.

मग एका दुपारी लाईट गेली. मोटर थांबली. झाडाचं पान हालंना. आन् टाक्यातलं पाणी खळ्ळकन काठावरनं सांडलं. कुणीतरी आत बसावं तसं.

मच्छिंद्रची बायको ताईबाई फरशी झाडत व्हती. तिचा झाडू थांबला.

"आवं... आत कोण हाय?"

"कोण न्हाई. गप."

"रंगुबाई म्हणायची बगा... गुडघं लई ठणकत्यात, एकदा त्या गरम पाण्यात सोडू द्या. शेठनं हाकलली तिला..."

मच्छिंद्रचं टाळकं फिरलं. टाक्याकडं बघून वरडला, "निघ भाईर! निघ म्हंतो ना!"

टाक्यातलं पाणी वीतभर खाली गेलं. उठल्यावानी. मग हौदातलं पाणी वर चढलं, आन् ताईबाई उभी व्हती त्या काठाकडं लाट सरकाया लागली... हळूहळू... वारं नसताना.

बायकोचं मनगट धरून त्यानं तिला फाटकाभाईर वढली. मग एकटाच माघारी आला आन् सगळं पाणी पडीक रानात सोडून दिलं. हौद कोरडा ठणठणीत झाला. टाकं मातूर उतरंना. काठोकाठ भरल्यालं, लाईट नसताना वाफाळतंय. मधनंच कोरड्या फरशीवर पाणी सांडतंय, पर कमी म्हणून व्हत न्हाई.

शेठनं मच्छिंद्रला चोर म्हणून काढला. उद्या त्याची धाकटी लेक, स्नेहल, पोहायला यायची हाय. हौद भरायचा म्हणून तुम्हाला धाडलं, त्याच विहिरीवर, उरल्यालं पाणी न्यायला.

आप्पा, पोरीचा जीव हाय. विहिरीतनं पाईप वर घ्या. आत्ता.