खुडूक कोंबडीची साक्ष

गुन्हेगाराला भरदिवसा, गावासमक्ष, गुळाच्या कढईत उकळून मारण्यात आलं. तो ओरडला नाही. रंग तेवढा सोडला.

यातलं काहीही घडलेलं नाही. दवाखान्याच्या दप्तरी गुन्हेगार नाही, कढई नाही, आणि त्या दिवशी आपण गावात नव्हतोच, असं सगळं गाव सांगतं. तेव्हा आपणही काही घडलं नाही असं धरू आणि तारेपासून सुरुवात करू.

तार एकसष्ट सालच्या जानेवारीत धुळ्याला पोचली. पाठवणारे चुनीलालशेठ. लोणखेड्यापलीकडे तापीच्या अंगाला त्यांची केळी, त्यांचा कापूस आणि स्वर्गवासी आईच्या नावानं काढलेला धर्मादाय दवाखाना. घेणारी त्यांची भाची, डॉक्टर सरला. सरला प्रयोगशाळेत जंतू वाढवायची. तिचं लग्न जमत नाही ते त्यामुळेच, असं घरच्यांचं ठाम मत होतं.

तारेत लिहिलं होतं : जखमा सडतात. डाकीण सापडली. तसं सर्टिफिकेट घेऊन ये.

सरला सर्टिफिकेटाऐवजी पत्र्याची पेटी घेऊन आली.

दारातच डॉक्टर रतिलाल भेटले. ऑपरेशनं तेच करत आणि त्याबद्दल कोणी विचारलेलं त्यांना आवडत नसे.

"किती जखमा सडल्या?" सरलानं विचारलं.

"या हिवाळ्यात सहा."

"मेलं कोणी?"

"करमसिंग. पाय मोडून आला होता. आधी पाय गेला, मग तो."

"पेनिसिलिन?"

"पाण्यासारखं दिलं."

"पाणीच असेल तर?"

रतिलाल दुखावले. "त्याच बाटलीतलं मी गळवंवाल्यांना देतो. सुई घेतात, घरी जातात, आठवड्यात नांगर धरतात. सडतात त्या इथं दाखल असलेल्यांच्या."

"म्हणजे औषध खरं, दवाखाना खोटा."

"दवाखाना नव्हे, कालीबाई!" रतिलाल आवाज खाली आणून म्हणाले. "आमची आया. पट्ट्या तीच बदलते. होळीला डोंगरात जाते, शेती आटपून दिवाळीला परत येते. ती नसते तोवर एक जखम सडत नाही. ती आली की सुरू. तीन वर्षं बघतोय. आता बोला."

सरला सरळ आत शिरली. तीन वर्षं बघत बसलेल्या माणसाशी काय बोलणार?

वॉर्डात आदल्याच दिवशी ऑपरेशन झालेला रायसिंग झोपला होता. त्याच्या अंगावर लाल लोकरी रग होता. रगावर जरीनं लिहिलं होतं : कै. जसोदाबाई यांच्या स्मरणार्थ. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला पहिले काही दिवस हा मान मिळे.

"तीन वर्ष व्हयनात," चुनीलालशेठ रगावरून हात फिरवत म्हणाले, "पन दख, नवाना नवा शे. होळीले पेटीमा घालतस, दिवाळीले काढतस. जरीले पानी लागू देल नई."

शेजारच्या खाटेवर खात्या नावाचा म्हातारा स्वतःच्या काळ्या घोंगडीत बसला होता. घोंगडीला बोकडाचा वास येत होता आणि बोकडाला आला असता तर तोही उठून गेला असता. खात्याचं अंतर्गळाचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते. जखम कोरडी, स्वच्छ.

"बाबा, तुम्ही रग नाही घेतला?"

"काय लिहिलंय ते विचारलं मी. मेलेल्या बाईचं नाव, म्हणाले." खात्यानं घोंगडी आवळली. "मेलेल्याचं पांघरूण जित्यानं घेऊ नये. आपलं आपल्याला बरं."

"तुमची पट्टी कोण बदलायचं?"

"काली. आमच्याच गावची. मी गावचा पंच. सोमवारी कमिटी तिला काढणार म्हणतात. काढलं म्हणजे ती डाकीणच. शिकलेल्यांनी ठरवलं, मग आम्ही कोण? गावात सांगावं लागेल."

तो हे वाईट तोंड करून म्हणाला. पण म्हणाला.

कालीबाई मागच्या चुलीवर पट्ट्या उकळत होती.

"हात धुतेस?" सरलानं विचारलं.

"तुम्ही धुता?"

"हो."

"मग मी पण."

"तू डाकीण आहेस म्हणतात."

"असते तर बिचाऱ्या करमसिंगला खाल्लं असतं? इथं डॉक्टर असताना?" कालीबाईनं चिमटा हंड्यावर आपटला. "बाई, इथून काढलं तर गावात मला काय करतील, ते तुमच्या पुस्तकात नसेल. पण मी पळणार नाही. आणि पाया पडणार नाही. ज्याला सांगायचं त्याला सांगा."

सरलानं पेटी उघडली. आत जंतूंचं खाद्य ओतलेल्या काचेच्या बशा होत्या. तिनं कापसाचे बोळे घेतले आणि सडलेल्या जखमांचा पू घेतला. बाहेरून आलेल्या एकाच्या गळवाचा पू घेतला. कालीबाईचे हात आणि नाक, रतिलालचे हात आणि नाक. मग वॉर्डात फिरून जे हाती लागेल ते : खाट, मडकं, रग, घोंगडी. प्रत्येक बशीत मधोमध पेनिसिलिनमध्ये भिजवलेली टिपकागदाची टिकली ठेवली.

"जंतू पेनिसिलिनला भ्यायले, तर टिकलीभोवती मोकळं कडं दिसेल," ती म्हणाली. "नाही भ्यायले, तर टिकलीला चिकटून बसतील."

अडचण उबेची होती. जंतूंना माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते. धुळ्याला त्यासाठी विजेची पेटी होती. इथं वीज होती ती फक्त शेठजींच्या भाषणात.

"माझी कोंबडी खुडूक बसलीय, अंडी नसली तरी उबवते," कालीबाई म्हणाली.

अशा रीतीनं त्या शाकाहारी दवाखान्यात, औषधांच्या कपाटाखाली, एक कोंबडी फडक्यात गुंडाळलेल्या बशांवर बसली.

"दवाखानामा कोंबडी!" चुनीलालशेठ कळवळले. "सरला, आपला धरम काय शे?"

"मामा, ती अंडी नाही उबवत. पुरावा उबवतेय."

"आरोपीची कोंबडी आहे!" रतिलाल म्हणाले. "पक्षपात करेल."

"तिला बशीवरची नावं वाचता येत नाहीत."

यावर रतिलालनी खरोखर थोडा विचार केला.

सोमवारी कमिटी जमली. कमिटी म्हणजे चुनीलालशेठ आणि त्यांना हो म्हणणारे. खात्या घोंगडीसकट येऊन भिंतीला टेकला. कालीबाई उभी राहिली. बस असं तिला कोणी म्हटलं नाही. सरलानं कोंबडीला उचलून बाजूला ठेवलं. कोंबडीनं तिला टोचलं.

"ही गळवाची बशी," सरला म्हणाली. "टिकलीभोवती रुंद कडं. गावातला जंतू पेनिसिलिनला भितो. म्हणून औषध खरं. या सडलेल्या जखमांच्या बशा. कडं नाही. हा जंतू भीत नाही. तो गावातला नव्हे, इथला. आता राहतो कुठं?"

"कालीबाईच्या हातात," रतिलाल म्हणाले.

"ही कालीबाईची बशी. कडं आहे. तुमच्या नाकातही कडं आहे, डॉक्टर, अभिनंदन. आणि कालीबाईच्याच हातांनी पट्टी बदललेला माणूस तो बघा, भिंतीला टेकलाय. त्याची जखम का नाही सडली?"

"गाववाला म्हणून सोडला तिनं!"

"म्हणजे जंतू गाव विचारून चावतो. बरं. ती होळी ते दिवाळी नसते तेव्हा जखमा सडत नाहीत, असं तुम्ही म्हणालात. होळी ते दिवाळी इथून आणखी कोण नसतं?"

शेठजींनी हळूच वळून वॉर्डाकडं पाहिलं.

"पेटीत बंद असतं," सरला म्हणाली. "दिवाळीला निघतं. प्रत्येक ताज्या जखमेवर पसरतं. तीन वर्षांत पाणी लागलेलं नाही. खात्याबाबांनी तेवढं एक नाकारलं."

तिनं शेवटची बशी पुढं केली. टिकलीला चिकटून जंतू दाटीवाटीनं बसले होते, पंगतीला बसावेत तसे.

"हा लाल रग. करमसिंगला यानं मारलं. आणि याला मुजोर केला आपण. प्रत्येक सुईसरशी भित्रे जंतू मेले, न भिणारे उरले. रोगी गेला, रग राहिला. पुढच्या रोग्याला आपण तोच पांघरला, मान म्हणून."

चुनीलालशेठ खचून बसले. "म्हनजे मन्ही मायनी मारं लोकेसले?"

"आजीनं नाही, मामा." सरलाचा आवाज पहिल्यांदाच उतरला. "ती बोळकंसुद्धा दोनदा घासायची. तिच्या नावाचं पांघरूण तीन वर्षं न धुता ठेवलेलं पाहिलं असतं, तर तिनं कोणाला मारलं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

खात्या उठला. "डाकीण सापडली," तो म्हणाला. "लाल आहे. गावात तसंच सांगतो."

शेठजींनी पटकन सावरून घेतलं. व्यापाऱ्याचं डोकं खचलं तरी चालतं. "आसं करू. रग कपाटमा ठी देऊ. बाहेर बोलानं नई. आन् कालीबाईले माफ करी टाकू."

"मला माफ?" कालीबाई म्हणाली. "कशाबद्दल?"

उत्तराची वाट न बघता ती वॉर्डात गेली. रायसिंगवरचा रग तिनं पट्ट्यांच्या चिमट्यानं उचलला, हात लांब करून, मेलेल्या उंदरासारखा. रतिलाल आडवे आले. सरलानं दार उघडून धरलं आणि त्यांच्या पायावर पाय ठेवून उभी राहिली, चुकून. खात्यानं रायसिंगच्या अंगावर आपली घोंगडी टाकायला घेतली. सरलानं आधी तीही उकळायला लावली. म्हातारा रागावला, पण गेला.

बाहेर गुऱ्हाळाची एक बाद झालेली कढई होती. तिचं पुढं काय झालं हे विचारायचं नाही, असं ठरलेलं आहे. रायसिंगची जखम सुकली. कालीबाई कामावर राहिली, आणि खात्या डोंगरात परतल्यावर तिच्या गावाहून रतिलालकडे पहिल्यांदाच धडधाकट माणसं आली, नुसती कालीबाईला नमस्कार करायला.

धुळ्याला पोचल्यावर सरलानं सरकारला अर्ज केला. तो असा :

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. विनंती की, प्रत्येक दवाखान्यात दरमहा जखमांचे व वस्तूंचे जंतू तपासून ते कोणत्या औषधास भीत नाहीत याची पाहणी व्हावी. सदर कामी वीज पोचेपर्यंत प्रत्येक दवाखान्यास एक खुडूक कोंबडी कायम पदावर, महागाई भत्त्यासह, मंजूर व्हावी. तसेच यापुढे देणगीदारांची नावे पांघरुणे, पडदे व भिंतींवर न घालता केवळ बेडपॅनवर घालण्याचे आदेश व्हावेत. कारण दवाखान्यात न चुकता रोज धुतली जाणारी वस्तू तेवढीच आहे. कळावे."