तात्याबाची चाळण

बसा हितं, पाव्हणं. च्या येस्तवर इंदापुरातल्या एका द्राक्षाच्या हापिसाची गोष्ट सांगतो. मधीच हसायचं न्हाय, मातर.

नव्याण्णव साल. मोहनरावांची द्राक्षं परदेशी जायची, ऑर्डरी ई-मेलवर यायच्या. कंपूटर सांभाळायची सुकन्या, लासुर्ण्याची, लई डोकेबाज. आलेल्या मेलला दोन पहारे. म्होरं स्कॅनर, त्यो व्हायरस धरायचा. मागं फिल्टर, त्यो फालतू जाहिराती गाळायचा. पर दोघांचं जमंना. एकानं सोडलेली चांगली मेल दुसरा अडवायचा. सुकन्यानं तोड काढली. स्कॅनरनं तपासल्यावर मेलवर एक खुणंचं नाव टाकायचं, म्हंजी फिल्टरला वळख पटंल.

नाव कुठलं? गेटवरचा तात्याबा नुकताच वारलेला. आपल्यात गेलेल्याचं नाव नव्या पोराला ठेवत्यात, तसं तिनं मशिनीतल्या खुणंला ठेवलं.

"बारशाच्या घुगऱ्या कुठं, ताई?" शेजारी बसणारा ज्ञानू म्हणाला. समदी हसली.

जाहिराती थांबल्या. पर हॉलंडच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "तुमचा कंपूटर आमची मेल माघारी धाडतोय. वर काय इचारतोय ते कळंना."

सुकन्यानं बघितलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिवल्यालं. कुठलं पाव्हणं? कुणाकडं?

गेटवर तात्याबा परत्येकाला हेच इचारायचा.

तिनं ज्ञानूला धरलं. "तुझंच चाळं हे!"

"आईशप्पत न्हाय, ताई. मला पासवर्ड तरी ठावं हाय का?"

तिला पटलं न्हाय. त्याला भायेर काढलं, पासवर्ड बदलला, ते नाव पुसलं. मेल माघारीच.

मोहनराव दारात येऊन हुबं. "सुकन्या, कंटेनर भरून हुबा हाय. दुपारपातूर ऑर्डर न्हाय आली तर माल सडंल. मग तुजं बी हितं काम न्हाय."

तिनं फिल्टर बंद केला. स्कॅनर बंद केला. सोताच सोताला एक मेल धाडून बघितली.

माघारी आली.

सुकन्या, जेवलीस का?

पडद्याकडं बघत ती हळूच म्हणाली, "तात्याबा, येऊ द्या समद्यास्नी."

ऑर्डर आली. कंटेनर गेला.

ऑर्डरीच्या पाठोपाठ आणिक एक मेल आत आली. धाडणाऱ्याचं नाव न्हाय, मजकूर न्हाय. खाली तात्याबाची एकच ओळ.

ह्याला म्या सोडला नसता, पोरी.

तुमी उद्या तितंच चाललाय न्हवं? सुकन्याच्या बाजूची खुर्ची रिकामी दिसंल, पर ती रिकामी न्हाय. तेवढं तिच्यावर बसू नका.