सकाळी क्लोरीन शून्य

ही ऐकीव गोष्ट नाही. गेल्या उन्हाळ्यात, माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी, माझ्या देखत घडलेली आहे.

मी स्विमिंग पूल साफ करतो. लोकांच्या शेवाळावर माझं पोट चालतं.

ताईच्या घरामागे छोटा पूल आहे. तिची चार वर्षांची लेक सारखी पाण्यात डुंबायची, म्हणून आम्ही तिला बेडकी म्हणायचो. एकदा पंप बिघडला आणि पाणी हिरवंगार झालं. त्याच आठवड्यात बेडकी दिसेनाशी झाली. आम्ही सगळी गल्ली पालथी घातली.

ती पुलातच होती. शेवाळामुळे दिसली नाही, एवढंच.

त्यानंतर दाजींनी एकच हट्ट धरला. "मला तळ दिसला पाहिजे."

मी पंप दुरुस्त केला, भिंती घासल्या. संध्याकाळी क्लोरीनचा जबरी डोस टाकला. शेवाळ मेलं, पाणी नितळ झालं.

पण सकाळी तपासणीच्या नळीत पाणी घेऊन क्लोरीन मोजायच्या औषधाचे थेंब टाकले...

पिवळा रंग आलाच नाही. क्लोरीन शून्य.

आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच. रात्रीत क्लोरीन संपलं, म्हणजे पाण्यात अजून काहीतरी जिवंत आहे.

आणि पाण्यात तर काहीच दिसत नव्हतं.

"तुझ्या मालातच भेसळ असणार," दाजी म्हणाले. मी नवा डबा फोडला. पुन्हा तेच.

तिसऱ्या संध्याकाळी डोस टाकून मी हात धूत होतो. तेवढ्यात मागून...

खोकला.

नाकात पाणी गेल्यावर लहान पोरं खोकतात, तसा.

मी वळलो. पाणी जराही हललं नव्हतं. दारात ताई उभी होती.

"ऐकलंस ना? रोज खोकते. डोळे झोंबतात रे तिचे. नको टाकूस."

मी डब्याला झाकण लावून तो बाजूला ठेवला.

दाजींनी तो उचलला. "डोकं फिरलंय हिचं," म्हणाले आणि अख्खा डबा पाण्यात ओतला.

खोकला वाढला... घुसमटला... मग अर्धवट "आई..."

ताई धावली. दाजींनी तिला दंडाला धरून मागे खेचलं. त्यांनाही ऐकू येत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तरीही त्यांनी डब्याचा तळ ठोकून उरलेली पावडर पाण्यात झाडली.

मग सगळं शांत.

सकाळी नळीतलं पाणी गडद पिवळं झालं. क्लोरीन जसंच्या तसं.

"सुटलो एकदाचे," दाजी म्हणाले.

ताईने माझ्या हातातली नळी पाहिली. तिला माझा धंदा कळतो.

"म्हणजे आता आत कोणीच नाही?"

मी नळी मातीत उपडी केली.

दाजींना आता छान झोप लागते म्हणे. ताई पंप चालू करू देत नाही. पाणी परत हिरवं व्हावं म्हणून ती त्यात माती टाकते, पालापाचोळा टाकते आणि काठावर बसून बेडकीला हाका मारते.

मीही कधीकधी तिच्याशेजारी कान देऊन बसतो. भुताला मी फार घाबरतो. तरी एकदा तो खोकला ऐकू यावा, असं वाटत राहतं...

अजून तरी आला नाही.